व्हिडिओ फर्स्टक्लास, पण उगवण किती?

मंडळी, या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघता निघता एक मेल आली, तिच्या शेपटीला एक फॉर्म होता, आणि वीकेंडचं वाटोळं झालं. तेव्हा आज जरा कडू लिहिणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

फॉर्मचं नाव भारदस्त आहे : 'गेम डेव्हलपमेंट अभ्यासक्रमासाठीच्या मल्टिमीडिया शैक्षणिक साहित्याचे तज्ज्ञ मूल्यमापन'. तज्ज्ञ म्हणजे मी. (हसू नका. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली चार मोबाइल गेमच्या सर्व्हरची धुणी धुण्यात गेली. एवढ्यावर आपल्याकडे तज्ज्ञ होता येतं.) साहित्य म्हणजे चाळीसेक मराठी व्हिडिओ, मधे मधे ॲनिमेशन, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी चार पर्यायांचे प्रश्न. फॉर्मवर वीस मुद्दे, प्रत्येकी पाच गुण. चित्रांचा दर्जा. आवाजाची स्पष्टता. रंगसंगती. पार्श्वसंगीत. उच्चारांची शुद्धता. अक्षरांचा आकार. अभ्यासक्रमाशी सुसंगती. एकंदर आकर्षकता. शेवटी तज्ज्ञाची सही आणि शिक्का. (शिक्का नाही म्हटलं, तर 'चालतंय सर' म्हणाले.)

वीसच्या वीस मुद्दे दोनदा वाचले. 'हे बघून झाल्यावर मुलाला गेम बनवता येतो का?' हा प्रश्न कुठेच नाही. आता बोला!

म्हणजे खानावळीची तपासणी करायची, ताटं किती चकचकीत आहेत ते बघायचं, भिंतीचा रंग बघायचा, आणि जेवणाला हातही न लावता पास करून बाहेर पडायचं. वर आपणच लोकांना सांगायचं, बिनधास्त जेवा.

तुम्ही म्हणाल, फॉर्म आहे, भरून टाक, एवढा का तापतोस? तर सांगतो. कारण असा फॉर्म मी एकदा भरलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी एका खाजगी संस्थेनं असाच कोर्स माझ्याकडे तपासायला दिला होता. नाव सांगत नाही, कारण त्यांच्यापेक्षा माझी चूक मोठी आहे. मी काय केलं? रविवारी सकाळी सोफ्यावर लोळत, चहा पीत, दीडपट वेगानं व्हिडिओ बघितले. मला तो विषय आधीच येत होता, त्यामुळे सगळं पटापट समजत गेलं. ग्राफिक्स झकास, आवाज खणखणीत. शंभरपैकी 84 ठोकले, सही केली, मानधन घेतलं आणि विसरून गेलो. त्यांनी पत्रकावर छापलं, 'तज्ज्ञांकडून मूल्यांकित'. खाली माझं नाव, हुद्दा, आणि कंसात 'मूळचे बुलढाण्याचे'.

गेल्या मे महिन्यात बुलढाण्याला गेलो होतो. चिखली रोडला माझ्या चुलतभावाचा कॉम्प्युटर क्लास आहे. दहा मशीन, त्यातली आठ चालू. टायपिंग आणि एमएस-सीआयटीवर त्याचं घर चालतं. तिथे मोताळा तालुक्यातला एक मुलगा मला भेटायला म्हणून मुद्दाम आला. तोच कोर्स केलेला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलेलं, आणि पेनड्राइव्हमध्ये त्याचा गेम. लावून बघितला. एक हीरो, तीन प्लॅटफॉर्म, नाणी गोळा करायची. मस्त चालत होता. म्हटलं, "वा! आता असं कर, हीरो जरा उंच उडी मारेल असं करून दाखव."

तो स्क्रीनकडे बघत बसला. दोन मिनिटं गेली. मग हळूच म्हणाला, "काका, ते व्हिडिओत नव्हतं."

एक आकडा बदलायचा होता हो. फक्त एक आकडा. पण त्याला तो कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण त्यानं गेम बनवलाच नव्हता. व्हिडिओत जे दिसलं ते अक्षर न् अक्षर उतरवलं होतं. हीरोचं नावसुद्धा व्हिडिओतलंच. फी किती भरली ते विचारलं. सोयाबीनचे पैसे आले तेव्हा बापानं एकरकमी भरली होती. आणि जाता जाता तो अगदी सरळ मनानं म्हणाला, "तुमचं नाव होतं ना पत्रकावर. बाबा म्हणे, आपल्या इकडलाच माणूस हाय, त्यानं पाहूनच सही केली असन."

मंडळी, ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

त्याच संध्याकाळी गावी गेलो. ओसरीवर थोरले काका ओलं गोणपाट पसरून बसले होते. सोयाबीनचे दाणे मोजून मांडत होते, दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे. मग गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवून दिली. रोज पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उघडायचं, आणि कोंब किती आले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं पेरायला बरं. कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी आले तर सरळ बदलायचं. कृषी खातं दरवर्षी मे महिन्यात हेच कानीकपाळी ओरडून सांगत असतं. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा ढीग लागला होता, तेव्हापासून तर आमच्याकडे पोरंसोरंही ही चाचणी करतात.

मी सहज विचारलं, विकतच्या पिशवीवर उगवणक्षमता छापलेली असतेच की, मग हा खटाटोप कशाला? काका म्हणाले, "पिशवीवर काहीबी छापता येते बाप्पा. उगवते काय ते मातीले इचारावं लागते."

संपलं. शैक्षणिक साहित्याच्या मूल्यमापनावर याहून जास्त काही सांगायची गरज नाही. माझी दोन वर्षांपूर्वीची सही म्हणजे पिशवीवरचा छापा होता. दाणे मी मांडलेच नव्हते.

मग मी पुण्याला परतायचं आठवडाभर पुढे ढकललं (वर्क फ्रॉम होम की जय) आणि चुलतभावाच्या क्लासमध्ये दाणे मांडले. आठवी ते बारावीची सात मुलं. हे काही संशोधन नव्हे, सात मुलांवरून जगाचे नियम निघत नाहीत, आणि मी तटस्थही नव्हतो. तरी जे बघितलं ते जसंच्या तसं सांगतो.

तिघांना दिले नेटवरचे एका मालिकेतले चकचकीत व्हिडिओ. कुठल्याही फॉर्मवर नव्वद गुण घेतील असे. चौघांना दिली माझी घरगुती पुरचुंडी : आठ पानी झेरॉक्स, स्क्रीन रेकॉर्ड करून केलेल्या तीन-तीन मिनिटांच्या पाच क्लिपा (मागे पंख्याचा आवाज फुकट), आणि मुद्दाम मोडून ठेवलेला कोड. तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गेम इंजिन घेतलं गोडो, कारण ते फुकट आहे, खुलं आहे, आणि युनिटीसारखी डिस्कवरची कित्येक जीबी जागा खात नाही. काम एकच : स्क्रीनवर एक बॉल, तो बाणाच्या बटणांनी हलला पाहिजे, भिंतीला आपटून परत आला पाहिजे.

पहिल्या तासालाच गंमत. चकचकीत व्हिडिओ गोडो 3 वर केलेले, आणि क्लासमध्ये होतं गोडो 4, जे 2023 च्या मार्चमध्ये आलं. व्हिडिओतला गुरू सांगतो, 'कायनेमॅटिकबॉडी' घ्या. मुलं शोधतात, तर नव्या आवृत्तीत त्या नावाची वस्तूच नाही. तिचं नाव बदलून 'कॅरॅक्टरबॉडी' झालंय. 'स्प्राइट'चं 'स्प्राइट2डी' झालंय. कोडमधला 'यील्ड' जाऊन 'अवेट' आलाय. तिघंही अडकली. व्हिडिओ मात्र पुढे धावतोय, गुरुजी हसून सांगतायत, 'बघा किती सोप्पं आहे!' माझ्या फॉर्मवर या गोष्टीला किती गुण कापायचे? शून्य. कारण तसा मुद्दाच नाही. सोफ्यावर लोळून बघणाऱ्याला ही अडचण कधी येतच नाही, तो काहीच बनवत नसतो.

ते निस्तरल्यावर दुसरी गंमत. बॉल हलायला लागला, पण निम्म्या वेगानं. पोरं म्हणाली, "आपले कॉम्प्युटरच भंगार हायेत." चुलतभावाचा चेहरा पडला. खरी गोष्ट अशी होती की व्हिडिओवाल्यानं दर फ्रेमला बॉल 5 पिक्सेल सरकवला होता. त्याच्या तगड्या मशीनवर सेकंदाला 60 फ्रेम निघतात, म्हणजे सेकंदाला 300 पिक्सेल. आमच्या म्हाताऱ्या मशीनवर 30 च निघत होत्या, म्हणजे 150. यावरचा उपाय गेम प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या पाठात यायला हवा. वेग 'दर फ्रेमला' न सांगता 'दर सेकंदाला' सांगायचा, आणि मागची फ्रेम होऊन किती वेळ गेला त्या आकड्यानं, म्हणजे 'डेल्टा'नं गुणायचं. मग मशीन जुनं असो की नवं, बॉल एका सेकंदात तेवढंच अंतर कापतो. व्हिडिओत डेल्टाचा पत्ताच नव्हता. म्हणजे साहित्यात चूक, आणि मुलं दोष कोणाला देतात, तर आपल्या मशीनला आणि आपल्या गावाला! मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. वाईट साहित्य नुसतं शिकवत नाही असं नाही, ते मुलांना 'हे आपल्यासाठी नाही' असं शिकवतं.

असो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत, मी मधे पडल्यावर, तिन्ही चकचकीतवाल्यांचा बॉल हलला. मत विचारलं, तर तिघांचे पाचपैकी पाच तारे. माझ्या झेरॉक्सवाल्या चौघांपैकी दोघं म्हणाले, "बोर आहे." एक तर मोडक्या कोडवर वैतागून उठून गेला होता. फॉर्मच्या हिशेबानं मी सपशेल हरलो होतो.

आठवड्यानं दाणे उघडले. व्हिडिओ बंद, झेरॉक्स बंद, कोरा प्रोजेक्ट. बॉल हलवा. वेग दुप्पट करा. मी एक ओळ बिघडवतो, ती शोधा. आणि मनानं काहीतरी एक भर घाला.

पाच तारे देणाऱ्या तिघांपैकी एकीला बॉल हलवता आला. 'बोर'वाल्या चौघांपैकी तिघांना. बिघडलेली ओळ त्यातल्या दोघांनी शोधली. उठून गेलेला मुलगा शेवटपर्यंत कोराच राहिला, तेही सांगायला हवं.

पण खरी गोष्ट त्या 'एकी'ची आहे. नववीतली मुलगी. व्हिडिओ तेच, मशीन तेच, मग तिला कसं जमलं? विचारलं तर म्हणाली, "मी व्हिडिओ थांबवून आकडे बदलून पाहत होती काका. काय होते ते." म्हणजे व्हिडिओनं जे करवून घ्यायला हवं होतं ते ती स्वतःच करत होती! तेव्हा माझं भांडण व्हिडिओशी नाही, हे लक्षात घ्या. अमेरिकेतल्या रिचर्ड क्लार्क नावाच्या संशोधकानं 1983 सालीच म्हणून ठेवलंय की शिकणं माध्यमामुळे होत नाही, शिकवण्याच्या पद्धतीमुळे होतं. माझं भांडण आहे ते माध्यमाला गुण देऊन पद्धत न बघणाऱ्या फॉर्मशी.

आता कोणी म्हणेल, सात पोरांवर काय एवढ्या उड्या मारतोस? बरोबर आहे. म्हणून माझ्यापेक्षा शहाण्या माणसांनी काय केलंय ते बघू.

रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी 2006 मध्ये प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं, आठवून लिहिणारे पुढे! म्हणजे धडा संपल्या संपल्या घेतलेले ते चार पर्यायांचे प्रश्न आणि ते तारे आपल्याला नेमकी उलटी दिशा दाखवू शकतात.

2018 मध्ये कार्डास आणि ओब्रायन यांनी आणखी मजेशीर प्रयोग केले. टेबलावरची भांडी न पाडता टेबलक्लॉथ खेचण्यासारखी करामत लोकांना व्हिडिओत एकदा किंवा वीस वेळा दाखवली. वीस वेळा बघणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, 'मला जमेल' म्हणाले. प्रत्यक्ष करायला लावलेल्या करामतींमध्ये मात्र जास्त वेळा बघून कौशल्य काही वाढलं नाही. मोताळ्याच्या त्या मुलाची गोष्ट हीच आहे. चाळीस व्हिडिओंनी त्याला भरवसा दिला. उडी मात्र दिली नाही.

आणि ज्या मल्टिमीडियाच्या नावानं हा फॉर्म निघालाय, त्याचं शास्त्र तरी काय सांगतं? रिचर्ड मेयर यांचं 'मल्टिमीडिया लर्निंग' हे पुस्तक 2001 मध्ये आलं. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे : अनावश्यक सजावट आणि पार्श्वसंगीत शिकण्याच्या आड येतं. बोललेलं वाक्य शब्दशः स्क्रीनवर पण लिहून दाखवलं तर बहुधा फायदा होत नाही, तोटा होतो. लांबलचक व्हिडिओपेक्षा शिकणारा स्वतः पुढे सरकवेल असे छोटे तुकडे बरे. आता माझा फॉर्म बघा. पार्श्वसंगीताला पाच गुण. 'निवेदन व मजकूर यांत तंतोतंत साम्य' याला पाच गुण. म्हणजे जे नको त्याचेच गुण! डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, तो काय शिकला, कामात काय बदललं, शेवटी हाती काय लागलं. आपला फॉर्म पहिल्या पायरीवरही पोचत नाही. कारण त्यात प्रतिक्रिया आहे ती मुलाची नाही, माझी आहे.

'हे सगळं परदेशी, आपल्याकडे कुठलं जमायला' हा युक्तिवाद मला माहिती आहे. तोही खोटा आहे. पवईला आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीतही. दिसायला अगदी साधे, ना संगीत ना नाच. पण एक बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडून, थांबत थांबत स्वतः करत जायचं, अशी त्यांची शिस्तच आहे. रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रिप्ट अशा माणसाकडून तपासून घेतात ज्याला तो विषय येत नाही. पुन्हा वाचा. ज्याला येत नाही त्याच्याकडून! माझ्यासारख्या 'तज्ज्ञा'ला तिथे अडखळायला होतच नाही, अडखळतो तो नवखाच. यालाच म्हणतात दाणे मांडणं.

त्याच संस्थेत प्रा. श्रीधर अय्यर आणि प्रा. सहाना मूर्ती यांच्या गटानं ऑनलाइन कोर्ससाठी जो आराखडा केलाय, त्यात व्हिडिओच्या मधेच थांबा असतो. थांब, विचार कर, लिहून काढ, मग पुढे. आमच्या नववीतल्या मुलीनं जे आपल्या मनानं केलं, ते इथे साहित्यातच शिवून टाकलंय.

भाषेचंही बोलून घेतो. स्पोकन ट्युटोरियलनं आवाज मराठी केला आणि स्क्रीन इंग्रजी ठेवली. मुलाला उद्या काम करायचंय त्या स्क्रीनवर इंग्रजी मेनूच असणार आहेत, हे त्यामागचं साधं कारण. माझ्याकडे आलेल्या व्हिडिओत मात्र निवेदिका म्हणते, "सदर घटकावर टिचकी मारून धडक-शोधन सक्रिय करावे." स्क्रीनवर 'कोलिजन' लिहिलेलं. मुलानं 'धडक-शोधन' कुठे शोधायचं? आणि 'सदर घटक' असं बुलढाण्यात तलाठी तरी बोलतो का? मराठीत शिकवा म्हणजे मुलाला कळेल असं बोला. शासन निर्णय वाचून दाखवू नका. फॉर्मवर या निवेदनाला 'भाषाशुद्धी'चे पाचपैकी पाच पडतील, मी पैज लावतो.

यावर नेहमीचे तीन बचाव येतात. एक, 'अशी चाचणी महाग पडते.' साफ खोटं. माझा खर्च झाला झेरॉक्स, समोसे आणि एक आठवडा. ज्या पैशात एक मिनिटाचं थ्रीडी ॲनिमेशन होतं त्यात जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत चाचण्या होतील. दोन, 'मुलांना आवडलं पाहिजे ना, नाहीतर बघणारच नाहीत.' यात थोडं तथ्य आहे. माझा एक गडी वैतागून उठून गेला तो याच कारणानं, आणि मोडका कोड पहिल्याच पानावर टाकणं ही माझी चूक होती. पण आवडणं ही दाराची पायरी आहे, घर नव्हे. तीन, 'आत्ता आवड निर्माण करू, शिकतील नंतर.' मग सर्टिफिकेट 'आवड निर्माण झाली' असं द्या ना! 'गेम डेव्हलपर' असं का छापता?

आणि हे आत्ताच का बोलायचं? कारण आता पैसा येतोय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये 'राजी' हा गेम काढून दाखवला. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं 2024 मध्ये 'इंडस' बाजारात आणला. म्हणजे हा धंदा आपल्याकडे होतो, हे सिद्ध झालंय. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग वगैरेंसाठीचं एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं. छान झालं. पण धोरण आलं की कोर्स येतात, कोर्स आले की व्हिडिओ येतात, व्हिडिओ आले की फॉर्म येतात, आणि फॉर्म भरायला माझ्यासारखे सोफ्यावरचे तज्ज्ञ तयारच असतात. पुण्या-मुंबईच्या मुलाचं एक वेळ निभावतं. त्याला विचारायला सीनियर आहे, मीटअप आहे, मित्राचा भाऊ त्या कंपनीत आहे. मोताळ्याच्या, मेहकरच्या, जळगाव जामोदच्या मुलापाशी तो व्हिडिओ सोडून दुसरं कोणी नाही. त्याच्यासाठी साहित्य हाच मास्तर. म्हणून त्याच्यासाठी ते जास्त कडक तपासलं पाहिजे. आपण नेमकं उलटं करतो.

तर माझा फॉर्म असा. वीस मुद्दे नकोत, पाच पुरेत.

1. ज्या मशीनवर मुलं शिकणार त्याच मशीनवर, सध्याच्या आवृत्तीत, धड्यातला कोड जसाच्या तसा चालतो का? तपासणाऱ्यानं स्वतः टाइप करून बघायचा.

2. विषय न येणारी दहा मुलं बसवा. आठवड्यानं, साहित्य बंद करून, किती जणांना कोऱ्या प्रोजेक्टपासून ती गोष्ट बनवता येते?

3. किती जणांना एक बदल करता येतो, जो धड्यात सांगितलेला नव्हता? (उडी उंच करणे. हो, तीच.)

4. मुद्दाम बिघडवलेली ओळ किती जणांना शोधता येते? गेम बनवणाऱ्याचं निम्मं आयुष्य हेच करण्यात जातं.

5. मुलं कुठे अडकली त्याची यादी, आणि ती यादी बघून साहित्यात काय दुरुस्त केलं ते.

ग्राफिक्सला वेगळे गुण नाहीत. ग्राफिक्स कामाचे असतील तर ते दोन, तीन आणि चारमध्ये आपोआप दिसतील.

काल सकाळी मी हेच त्या संयोजकांना लिहून पाठवलं, सही न करता. दुपारी फोन आला. माणूस सज्जन आहे, आवाजात कळकळ होती. म्हणाले, "सर, तुमचं म्हणणं पटतं, पण पुढच्या आठवड्यात अहवाल द्यायचाय. ग्राफिक्स तर चांगले आहेत ना? त्यांचे तर गुण द्या!" मी म्हटलं, दहा मुलं आणि आठवडाभर द्या, मी स्वतः येऊन बसतो, मानधन नको. ते म्हणाले, बघतो. बहुधा दुसरा तज्ज्ञ बघतील. मिळेलही. दोन वर्षांपूर्वी मी नव्हतो का मिळालो?

मोताळ्याचा तो मुलगा आता रविवारी सकाळी तासभर माझ्याबरोबर ऑनलाइन बसतो. जुना गेम पुसून टाकायला मी सांगितलं नव्हतं, त्यानंच पुसला. नवा अजून फार कुरूप आहे. हीरोच्या जागी एक चौकोन आहे, आणि तो उड्या मारत काटेरी कुंपण ओलांडतो. मागच्या रविवारी त्याला म्हटलं, उडी जास्तच उंच होतेय रे. तर म्हणाला, "हो काका, मुद्दाम केली. कुंपण वाढवाचं हाय."

त्याच्या बापाची फी मला परत करता येत नाही. माझी सही मागे घेता येते, तेवढी इथे जाहीरपणे घेतो.

तुमच्यापैकी कोणाकडे असा फॉर्म आला, तर एवढंच करा : सही करायच्या आधी दहा मुलं शोधा आणि आठवडाभर थांबा. नसेल वेळ, तर सही करू नका. बाकी पुढच्या शनिवारी.